अमेरिकेतली १७७६ आधीची प्रायमर, अंकगणितं, पाकपुस्तकं घ्यायला निघण्याआधी

आधी काय गोळा करायचंय ते ठरवा, कारण वसाहतकाळातली शिकवणारी पुस्तकं म्हटलं की त्यात मुळाक्षरांची प्रायमर आली, अंकगणितं आली, स्वयंपाकाची, पत्रं कशी लिहावी सांगणारी, सगळंच आलं, आणि सगळ्यांच्या मागे धावलात तर खिसा रिकामा आणि कपाटात नुसती खिचडी. एकच शाखा धरा. मग नावं, सालं, गावं वहीत उतरवून घ्या, उदा. बॉस्टनचं आयझॅक ग्रीनवुडचं अंकगणित १७२९, विल्यम्सबर्गला विल्यम पार्क्सने छापलेलं ‘कम्प्लीट हाउसवाइफ’ १७४२ (अमेरिकेत न मिळणाऱ्या जिनसांच्या पाककृती त्याने सरळ गाळल्या), फिलाडेल्फियाला बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याचा भागीदार हॉल यांनी काढलेलं ‘अमेरिकन इन्स्ट्रक्टर’ (लिहिणं, हिशेब, पत्रं घरीच शिकवणारं) १७४८. ह्या शेवटच्यावर नववी आवृत्ती असं छापलंय, ते बघून नाक मुरडू नका, आधीच्या आवृत्त्या तिकडे इंग्लंडातल्या. उलटही होतं, आत वसाहतीतल्या पोराचं नाव शाईने लिहिलेलं पण छपाई लंडनची, म्हणून टायटल पेजच्या तळाशी गाव आणि छापणारा आधी वाचा.

‘न्यू इंग्लंड प्रायमर’ हवं असेल तर जास्तच जपून. बेंजामिन हॅरिसने ते बॉस्टनला १६९० च्या आसपास काढलं पण आज माहीत असलेली सगळ्यात जुनी प्रत १७२७ ची, त्याआधीच्या प्रती पोरांनी वाचून वाचून संपवल्या. आणि १७७७ च्या आवृत्तीची १९व्या शतकात पुनर्मुद्रणं निघाली, त्यातलं पुढचं पान गेलं की आत १७७७ दिसतं आणि विकणाराही कधीकधी खरंच फसलेला असतो. जुन्या छपाईतला एफसारखा दिसणारा लांब एस म्हणजे पुरावा नाही हं, पुनर्मुद्रणातही तो येऊ शकतो. त्यापेक्षा छोटा टॉर्च सोबत ठेवा, पानामागे धरला की हातकागदात साच्याच्या जवळजवळच्या बारीक रेघा आणि त्यांना आडव्या, लांब लांब अंतरावरच्या रेघा दिसतात. सपाट, बिनरेघांचा कागद असेल तर पुस्तक खाली ठेवा.

चार्ल्स इव्हान्सने अमेरिकेत छापलेल्या जुन्या पुस्तकांची सूची केलीय, तिच्यातला नंबर आणि पानांची संख्या आधीच काढून ठेवा, पूर्ण प्रतीचं स्कॅन मिळालं तर फोनमध्ये घ्या आणि विकणाऱ्यासमोर बसून एकेक पान ताडून बघा, लाजू नका. प्रायमरची पहिली-शेवटची पानं बहुतेकदा गेलेलीच असतात, त्याने अडत नाही, पण किमतीत ते दिसायला हवं, आणि एखादं पान नंतर नक्कल करून घातलंय का ते स्पष्ट विचारा. मला विचाराल तर कडा कापून लाल चामड्यात नव्याने बांधलेल्या प्रतीपेक्षा पातळ लाकडी फळीची, निळा कागद फाटलेली मूळ बांधणीच बरी.

लायब्ररीचा शिक्का असेल तर ती प्रत तिथून रीतसर काढल्याचा कागद मागा. लिलावात बोलीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याने लिलावघराला द्यायची जादा रक्कम, चढतो, तो धरूनच बजेट ठरवा. पांढरे हातमोजे नकोत, हात धुऊन कोरडे केले की झालं, मोज्यात बोटांना कागद जाणवत नाही आणि पान फाटतं. आणि घरी आल्यावर काहीही झालं तरी सेलोटेप लावायचा नाही.