गेमसाठी गोष्ट लिहिताना प्रसिद्ध सुपरहिरोचं काय करावं

सिटी ऑफ हीरोज या, स्वतःचा सुपरहिरो बनवून खेळायच्या ऑनलाइन गेममध्ये ‘मिशन आर्किटेक्ट’ नावाची सोय एप्रिल 2009 मध्ये आली. तेव्हापासून खेळणाऱ्यांना स्वतःची गोष्ट रचून ती इतरांना खेळायला देता येते. आणि तेव्हापासून नवा लिहिणारा पहिल्याच दिवशी विचारतो, “माझ्या मिशनमध्ये बॅटमॅन टाकू का?”

सल्लागार तयारच असतात. एक म्हणतो, नावातलं एक अक्षर बदल, झालं. दुसरा म्हणतो, आपण कुठे पैसे कमावतोय? तिसरा गोष्टीच्या डोक्यावर ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ अशी ओळ डकवायला सांगतो. पाटी लावली की जबाबदारी संपली हा समज पुण्यात फार जुना, पण तो इथे उपयोगाचा नाही. मालकाची परवानगी नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, एवढंच त्या ओळीतून सिद्ध होतं.

खाली सिटी ऑफ हीरोजचीच उदाहरणं आहेत, कारण मी त्यातच लिहितो. मूळ गेम नोव्हेंबर 2012 च्या अखेरीस बंद पडला, पण चाहत्यांनी चालवलेल्या होमकमिंग सर्व्हरला जानेवारी 2024 मध्ये रीतसर परवाना मिळाला आणि आता तिथे निवांत खेळता येतं. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये लिहीत असाल तर बटणं वेगळी असतील, दुखणं तेच. गेम उतरवून घेतलाय, मिशन आर्किटेक्टची गेममधली इमारत सापडलीय आणि बेतास बात इंग्रजी लिहिता येतं, हे धरून चालतो.

1. आधी गेमचे नियम वाचा

वाचाच. कंटाळवाणे आहेत, पण दहा मिनिटांचं काम आहे.

कडकपणा कुठून आला तेही सांगतो. गेम 2004 च्या एप्रिलमध्ये आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मार्व्हल या कॉमिक्सवाल्यांनी गेमच्या कंपनीवर दावा ठोकला. खेळणारे आमचे हल्क आणि वुल्व्हरिन हुबेहूब बनवतात आणि गेम त्यांना ते बनवू देतो, ही तक्रार. गंमत पुढे झाली. पुराव्यात दिलेली काही पात्रं मार्व्हलच्याच माणसांनी गेममध्ये जाऊन बनवली होती, म्हणून मार्च 2005 मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा बाजूला काढला. डिसेंबर 2005 मध्ये तडजोड झाली, अटी गुलदस्त्यात राहिल्या.

यावरून ‘म्हणजे चालतं’ असा निष्कर्ष काढणारे महाभाग भेटतात. कोथरूडच्या फ्लॅटवर कोणी नोटीस पाठवत नाही हे खरं. पण ठरवणारं कोर्ट नसतं, गेम चालवणारा असतो. तो पात्राचं नाव पुसून तिथे ‘जेनेरिक’ आणि पुढे एक नंबर लावतो किंवा अख्खी गोष्ट काढून टाकतो. रात्री जागून लिहिलेली पाच मिशनं सकाळी यादीत नसतात, आणि ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याच करारावर तुम्ही न वाचता टिचकी मारलेली असते.

2. गोष्ट एका वाक्यात लिहा

त्या वाक्याचा कर्ता खेळणारा असला पाहिजे. नसेल तर वाक्य बदला.

3. हिरो सोला

बहुतेक गोष्टी इथेच मरतात. माझीही गाडी याच पायरीवर सगळ्यात जास्त अडली, म्हणून इथे सावकाश जाऊ.

पहिल्यांदा नाव बदलण्याचा भ्रम काढून टाका. 1940 च्या दशकात अमेरिकेत फॉसेट या प्रकाशनाचा कॅप्टन मार्व्हल तुफान खपत होता. नाव वेगळं, पोशाख वेगळा, शक्ती मिळण्याची रीतही वेगळी. एक मुलगा मंत्रासारखा शब्द उच्चारतो आणि वीज कडाडून तो बलदंड पुरुष होतो. तरीही सुपरमॅनच्या मालकांनी 1941 मध्ये दावा लावला. प्रकरण दहा वर्षांहून जास्त रेंगाळलं आणि शेवटी 1953 मध्ये फॉसेटने तो हिरो छापणंच थांबवलं. पुढे तो हिरो डीसीकडे, म्हणजे सुपरमॅनच्याच मालकांकडे गेला, तोवर 1967 मध्ये मार्व्हलने ‘कॅप्टन मार्व्हल’ या नावाचा दुसराच हिरो काढला होता. त्यामुळे जुन्या कॅप्टनला स्वतःच्या अंकांवर स्वतःचं नाव मिरवता येईना. पैसा, वकील आणि छापखाना असणाऱ्यांची ही गत. तुम्ही ‘सूपरमन’ लिहून सुटाल असं वाटत असेल तर धन्य आहे.

दुसरा भ्रम: जुना आहे म्हणजे फुकट असेल. सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला 1938 मध्ये. अमेरिकेत त्या पहिल्या गोष्टीवरचा हक्क 2033 च्या अखेरीपर्यंत आहे, बॅटमॅनचा त्यानंतर एक वर्ष. आणि 1 जानेवारी 2034 ला मोकळा होणारा सुपरमॅन तुमच्या ओळखीचा नाहीच. तो उडत नाही, लांब उड्या मारतो. त्याची ताकद काढून घेणाऱ्या हिरव्या दगडाची भानगड 1943 मध्ये रेडिओवरून आली, ती तेव्हाही बंदच राहणार. छातीवरच्या चिन्हाचा ट्रेडमार्क तर निराळाच विषय. आपल्याकडे हिशोब वेगळा, लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं. भा. रा. भागवत 2001 मध्ये गेले, म्हणजे पुण्याचा लाडका फास्टर फेणेसुद्धा 2061 संपेपर्यंत मोकळा नाही. ‘मी विडंबन करतोय’ म्हणणाऱ्यांनीही जपून राहावं. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षेला सवलत आहे, विडंबनाचा वेगळा उल्लेख नाही.

आता सोलायचं कसं ते. हिरोचे तीन थर धरा.

वरचा थर नाव, चिन्ह, पोशाख, गाडी. हा पूर्ण टाकायचा, घासाघीस नाही. गाडीचं पात्र थोडंच असतं, असं म्हणणाऱ्यांसाठी: बॅटमॅनच्या गाडीच्या हुबेहूब प्रती विकणाऱ्यावर दावा झाला, तेव्हा 2015 मध्ये अमेरिकेतल्या वरच्या कोर्टाने ती गाडी हेही संरक्षण मिळालेलं पात्रच आहे असं ठरवलं.

मधला थर फसवा, कारण त्यातला एकेक तुकडा सुटा घेतला तर कोणाच्याच मालकीचा नसतो. अनाथ मूल चालतं. वर्तमानपत्रात नोकरी चालते. चष्मा तर निम्म्या सदाशिव पेठेला आहे. पण नष्ट झालेल्या ग्रहावरून आलेलं मूल, शेतकरी आईबाप, वर्तमानपत्रातली नोकरी आणि चष्मा हे सगळं एका माणसावर चढवलं की नाव लिहायची गरजच उरत नाही. माझा नियम कडक आहे: मधल्या थरातला एकच तुकडा ठेवायचा. दोन ठेवले की तिसरा आपोआप येतो. लिहिताना हात ओळखीच्या वाटेनेच जातो.

आत उरतं ते खरं. आपल्याला तो हिरो का आवडतो, हे तिथे असतं. लोक ‘त्याची ताकद’ असं उत्तर देतात आणि फसतात. ताकद कुठल्याही पॉवरच्या यादीतून उचलता येते. घ्यायची असते ती त्याची अडचण. सुपरमॅनचं माझ्या लेखी सार एवढंच: त्याला सगळ्यांच्या हाका ऐकू येतात, पण एका वेळी एकाच ठिकाणी जाता येतं. हे वाक्य कोणाच्या मालकीचं नाही. ते घ्या आणि आपल्या मातीत लावा.

मी लावलं ते असं. 12 जुलै 1961, पानशेत फुटलं तो दिवस. नारायण पेठेत नदीकडेला राहणारी एक मुलगी त्या लोंढ्यातून वाचते आणि त्या दिवसापासून तिला पाणी ऐकू येऊ लागतं. नळातलं, टाकीतलं, नदीतलं; कुठेही कोणी बुडत असेल तर तेही. आता ती म्हातारी झालीय, मुलगा आणि सून गेममधल्या पॅरागॉन सिटी या शहरात नोकरीला, म्हणून तीही तिकडे. गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. गेममध्ये मिशन देणारं पात्र लागतंच, ते मी काशीआजीला केलं. सून ऑफिसला गेली की आजी खेळणाऱ्याला बोलावते. पहिल्या मिशनचं ब्रीफिंग, इंग्रजी करण्याआधीचं:

“बाळा, बंदरावर तिसऱ्या गोदामाखाली पाणी चढतंय. चौघं आहेत आत. तिघं ओरडतायत. चौथा ओरडत नाहीये, त्याच्याकडे आधी जा.”

यात केप नाही, उडणं नाही. पण आजी जाऊ शकत नाही, म्हणून खेळणाऱ्याला जावं लागतं. प्रसिद्ध हिरो जसाच्या तसा आणण्याला माझा मूळ विरोध आहे तो इथे, कायदा नंतर. सुपरमॅन हजर असेल तर खेळणाऱ्याने करायचं काय? तो खरा सुपरमॅन असेल तर तोच चौघांना बाहेर काढेल, आणि खेळणारा काठावर उभा राहून टाळ्या वाजवेल. अर्धमेला करून आणलात, तर त्याला बघायला आलेला माणूस वैतागेल.

झालं की नाही ते तपासायची रीत सोपी आहे. पात्राचा परिचय नाव गाळून एखाद्या मित्राला वाचून दाखवा. चहा पाजा, पण कशासाठी वाचताय ते सांगू नका. “अरे हा तर अमका!” असं तो म्हणाला तर कुठल्या शब्दावर ओळखलं ते विचारा आणि तो शब्द काढा. पुन्हा वाचायला दुसरा मित्र शोधा, पहिल्याचा कान आता बाद झाला. ‘हा कोणासारखा तरी वाटतोय, पण आठवत नाही’ असं उत्तर आलं की थांबा. त्यापुढे सोललंत तर पात्रच उरत नाही.

हे सगळं नको असेल तर खरोखर मोकळी पात्रं आहेतच. शेरलॉक होम्सच्या सगळ्या मूळ गोष्टी अमेरिकेतही 1 जानेवारी 2023 पासून मोकळ्या झाल्या. पुराणातले वीर कोणाच्याच मालकीचे नाहीत. पण कृपा करून देवाला बॉस, म्हणजे शेवटी हरवायचा मोठा शत्रू, करून लोकांच्या हातून मार खायला लावू नका. ती भांडणं कॉपीराइटपेक्षा वाईट.

4. मिशनं बांधा

एका गोष्टीत पाच मिशनं बसतात. तीन करा. पाचवं कोणी खेळत नाही.

5. मदतनीस पात्र दुबळं ठेवा

सोडवायचा कैदी किंवा सोबत न्यायचा माणूस चालेल. तगडा साथीदार दिलात तर तोच सगळ्यांना लोळवत पुढे जातो आणि खेळणारा त्याच्या मागे चालत राहतो.

6. पोशाख

तिसरी पायरी नीट केली असेल तर हा प्रश्न उरत नाही. तरी सांगतो: लाल केप आणि निळा अंगरखा एकत्र नको, काळ्या टोपीला टोकदार कान नकोत. रंग उलटे करून निळी केप आणि लाल अंगरखा करणाऱ्या हुशारांनी पुन्हा तिसऱ्या पायरीवर जावं.

7. वर्णन आणि पब्लिश

एवढी मेहनत करून लोक वर्णनात लिहितात, ‘बॅटमॅनच्या चाहत्यांसाठी खास!’ शोधात वर यावं म्हणून. म्हणजे चोर नसताना स्वतःकडेच बोट दाखवायचं. प्रसिद्ध नाव शीर्षकात नको, वर्णनात नको, पात्राच्या परिचयातही नको. स्वतः एकदा आणि अनोळखी माणसाकडून एकदा खेळून घ्या, मग पब्लिश करा.

गोष्टीची फाइल तुमच्या संगणकावर सेव्ह होते. तिची प्रत दुसरीकडेही ठेवा, आणि सेव्ह गुरुवारची वीज जाण्याआधी करा. गोष्ट काढून टाकली गेली तर त्याच नावाने लगेच पुन्हा चढवू नका, तसं केलं तर पुढच्या वेळी अख्ख्या अकाउंटवर येतं. कारण दिलं असेल तर ते वाचा, नसेल तर सभ्य भाषेत विचारा, तेवढा भाग बदला आणि नव्या नावाने पाठवा.