या चुका टाळा : चालू घडामोडींची वही भरते, पण खोडत कुणी नाही

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. ही तारीख मी जन्मात विसरणार नाही, कारण त्यानंतरच्या एका स्पर्धा परीक्षेच्या पेपरात मी महाराष्ट्रात 35 जिल्हे धरून उत्तर काढलं होतं. पुस्तक जुनं, थोरल्या चुलतभावाचं. त्यानं ते एमपीएससीच्या कंबाईनला, म्हणजे संयुक्त परीक्षेला वापरलं, मी राज्यसेवेला वापरलं. माझ्यानंतर मावसबहीण मागायला आली तेव्हा मात्र मी ते सरळ रद्दीत घातलं. ती अजून चिडवते, ‘ताईनं पुस्तक दिलं नाही’ म्हणून.

पुढं मी तलाठी झाले. आता परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत रविवारी दोन तास बसते. लेकरं वह्या घेऊन येतात. अक्षर सुरेख, तीन रंगांचे पेन, समासात चांदण्या. ‘काय करायलास रे?’ म्हटलं की ‘करंट चालू आहे ताई’ असं उत्तर ठरलेलं. पण वही दोन वर्षांची असली तरी तिच्यात खाडाखोड एकसुद्धा दिसत नाही. मला धास्ती वाटते ती याचीच. नवं लिहून घ्यायला सगळ्यांना येतं. कालपर्यंत बरोबर असलेली ओळ आज चुकली, हे मात्र कुणी वहीला सांगत नाही.

शिळी ओळ

परवाच्या एका वहीतली उदाहरणं सांगते. ‘अभिजात भाषा : 6.’ ओडियाला 2014 मध्ये दर्जा मिळाला तेव्हा हे बरोबर होतं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांचा निर्णय झाला आणि आकडा 11 वर गेला. ‘महाराष्ट्रातलं रामसर स्थळ : नांदूर मध्यमेश्वर.’ रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नांदूर मध्यमेश्वर राज्यातलं पहिलं, पण 2020 मध्ये लोणार आलं, 2022 मध्ये ठाणे खाडी आली. ‘खून : कलम 302.’ भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि तिच्यात खुनाची शिक्षा कलम 103 मध्ये आहे. ‘लोकसभेत दोन अँग्लो-इंडियन सदस्य नेमता येतात.’ 104 व्या घटनादुरुस्तीनं ती तरतूद जानेवारी 2020 मध्ये संपली.

या चारही ओळी एका हुशार मुलीच्या वहीत होत्या आणि तिला त्या तोंडपाठ होत्या. जे येतच नाही ते माणूस पेपरात सोडून देतो. चुकीचं पाठ असलेलं मात्र ठामपणे गोल काळा करून येतो.

तलाठी या माझ्याच पदाचं नाव 2024 मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. गावात अजून तलाठीबाईच म्हणतात, त्याला हरकत नाही. पेपरात तसं चालणार नाही.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. बदलू शकतं ते सगळं पेन्सिलीनं लिहायचं आणि शेजारी ‘अमुक महिन्यापर्यंत’ एवढं टाकायचं. पदावरच्या व्यक्ती, व्याजदर, हमीभाव, यादीतली संख्या, जिल्ह्यांची नावं, सगळं त्यात येतं. वहीची शेवटची चार पानं ‘बदललं’ या मथळ्याखाली कोरी ठेवायची आणि डावीकडं जुनं, उजवीकडं नवं लिहायचं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तेवढीच चार पानं पुन्हा वाचायची. आयोगाला असे प्रश्न सोयीचे जातात, कारण जुनं उत्तर पर्यायांत ठेवलं की सापळा आपोआप तयार होतो.

आणि जुनं दिसलं की खोडलं, असंही नको. जनगणनेचे 2011 चे आकडे जुने झाले म्हणून फाडून टाकणारा एक जण मी पाहिलाय. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख देशाच्या बहुतेक भागासाठी 1 मार्च 2027 ठरली आहे. तिचे आकडे हाती येईपर्यंत 2011 चेच धरायचे. आपल्याकडच्यांनी तर त्यातला एक आकडा लक्षात ठेवावाच. 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे मुली, राज्यात 894 आणि बीड जिल्ह्यात 807. राज्यातला सगळ्यात कमी.

मथळ्यावर थांबणं

दरवर्षी पावसाळा सरला की आपल्याकडच्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते : जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडणार की नाही. वहीत ती अशी उतरते, ‘जायकवाडीला इतके टीएमसी पाणी सोडले.’ हा टीएमसीचा आकडा पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही. विचारतील ते बातमीच्या पोटात असतं.

पाणी कुणाच्या अधिकारात सोडलं? महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. ते कुठून आलं? 2005 च्या कायद्यातून. समन्यायी वाटप म्हणजे काय? खोऱ्यातल्या टंचाईची झळ वरच्यांनी आणि खालच्यांनी सारखी सोसायची, असं त्या कायद्याचं कलम 12 सांगतं. 15 ऑक्टोबरची तारीख का गाजते? प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशात त्या तारखेला जायकवाडीचा साठा 65 टक्के आहे की नाही, ही रेघ ओढली होती. पाणी कोणत्या नद्यांतून येतं? गोदावरी, दारणा, प्रवरा, मुळा. ही नावं नकाशावर बोट ठेवून वाचली की भूगोलही होतो. जलाशयाचं नाव नाथसागर, गाव पैठण, आणि पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. हालाची ‘गाथासप्तशती’ तिथली, महाराष्ट्री प्राकृतातली. मराठीला अभिजात दर्जा मागताना तिचाच आधार दिला गेला. एका बातमीतून प्रशासन, कायदा, भूगोल, प्राचीन इतिहास आणि अभिजात भाषा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तर हे असं उलगडता येणं म्हणजे अर्धं उत्तर.

रोज एवढं होत नाही, होणारही नाही. आठवड्यातून दोन बातम्या अशा उलगडा, बाकीच्या नुसत्या वाचून सोडा.

घोषणा झाली, मंजूर झालं, लागू झालं

हे तिन्ही एकच समजणं ही राज्यशास्त्राच्या प्रश्नांतली सगळ्यात स्वस्त चूक. महिला आरक्षणाची 106 वी घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली. पण त्यानंतरची पहिली जनगणना आणि तिच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना, ही अट तिच्यातच लिहिलेली आहे. वहीत नुसतं ‘33 टक्के आरक्षण, 2023’ असेल तर प्रश्नातलं दुसरं विधान तुम्हाला पाडतं. तारीख लिहाल तेव्हा ती कशाची, हेही लिहा.

आपल्याच अंगणातलं न येणं

याचा मला राग येतो, म्हणून जरा सविस्तर.

आमच्याकडच्या पोरांना 371 जे कलम येतं. कर्नाटकातल्या हैदराबाद-कर्नाटक भागासाठी, 98 वी दुरुस्ती, धडाधड सांगतात. 371 डी सुद्धा येतं, 32 वी दुरुस्ती, 1973, आंध्र आणि आता तेलंगणासाठीही. मग विचारते, हैदराबाद-कर्नाटक आणि तेलंगणा आधी कुणाचे? निजामाचे. आणि निजामाच्या राज्याचा तिसरा तुकडा कुठं गेला? वर्गात शांतता. अरे, त्या तुकड्यावरच बसलायस ना तू!

मराठवाड्याचं कलम 371 (2). राष्ट्रपतींच्या आदेशानं राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवता येते, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं नेमता येतात. मंडळं प्रत्यक्षात आली 1994 मध्ये आणि मुदत संपली 30 एप्रिल 2020 ला. त्यामागं 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. अनुशेषाची बातमी वाचताना एवढं माहीत नसेल तर ती नुसती राजकीय भांडणाची बातमी वाटते.

मुक्तिसंग्रामाचंही तसंच. 17 सप्टेंबरला झेंडावंदनाला गेलेलं असतं, स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ ही नावं माहीत असतात. पण निजाम आणि भारत सरकार यांच्यातला 29 नोव्हेंबर 1947 चा ‘जैसे थे’ करार विचारला की अडतात. पोलीस कारवाई 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झाली, तिचं लष्करी नाव ऑपरेशन पोलो. लष्करानं केलेल्या कारवाईला ‘पोलीस’ कारवाई का म्हटलं असेल, यावर जरा विचार करून बघा. मुलाखतीला जाणाऱ्यानं तर नक्कीच.

भूगोलातल्या दोन नेहमीच्या घसरणी. लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. जालन्याहून जवळ म्हणून ते आपलं होत नाही. आणि मराठवाडा म्हणजे सगळा गोदावरीचं खोरं, हेही खोटं. धाराशिव जिल्ह्यातली सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. मांजरा मात्र बीडच्या पाटोदा भागात उगम पावून शेवटी गोदावरीतच जाते.

घरात ऊस, वहीत गोंधळ

अभ्यासिकेतल्या निम्म्या मुलांच्या घरी सोयाबीन आहे, काहींकडं ऊस. तरी हमीभाव आणि एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) एकच समजतात. सोयाबीनचा हमीभाव कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राची आर्थिक व्यवहारांची मंत्रिमंडळ समिती ठरवते. पण मोंढ्यातल्या व्यापाऱ्यानं त्याच भावानं घ्यावं, अशी केंद्राच्या कायद्याची सक्ती नाही. वडील भाव पाडून विकून येतात ते म्हणूनच. उसाची एफआरपी वेगळी. ती 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली येते, कारखान्याला बंधनकारक असते आणि 14 दिवसांत द्यायची असते. ती साखर उताऱ्याशी बांधलेली, 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागं 355 रुपये. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 ला 4,892 होता, 2025-26 ला 5,328. हे भाव पेन्सिलीनं लिहा. कोण ठरवतं, कशाखाली ठरवतं, ते पेननं.

घरी अण्णांना विचारा, कारखान्यानं पहिली उचल किती दिली, पैसे कितव्या दिवशी आले. चालू घडामोडींच्या मासिकात इतकं जिवंत उत्तर मिळायचं नाही.

पीडीएफ

टेलिग्रामवर नऊ चॅनल, मोबाइलमध्ये चारशे फायली, वाचलेल्या अकरा. एक वर्तमानपत्र, एक मासिक, बास. फाइल उतरवून घेतली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं, तेव्हा झेरॉक्सच्या गठ्ठ्यांकडं बघून. आणि एखादी माहिती दोन ठिकाणी वेगवेगळी दिसली तर तिसऱ्या चॅनलला विचारू नका. जीआर किंवा मूळ कायदा शासनाच्या संकेतस्थळावर असतो, तिथं पाहा.

पेपरातली शेवटची दहा मिनिटं

‘ताई, किती प्रश्न सोडवू?’ याला एक आकडा नसतो. यूपीएससी पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनात प्रश्न 2 गुणांचा, चुकीला एक तृतीयांश म्हणजे 0.66 कापतात. चार पर्यायांतून डोळे झाकून एक निवडला तर दीर्घकाळात हाती शून्य. दोन पर्याय खात्रीनं उडवता आले तर प्रत्येक प्रश्नामागं सरासरी दोन तृतीयांश गुणाच्या आसपास फायदा. म्हणजे भित्रेपणानंही मार्क जातात. एमपीएससीत कपात एक चतुर्थांश आहे. काही जुन्या गाइडांत अजून एक तृतीयांश छापलेलं सापडतं, म्हणून परीक्षेच्या जाहिरातीतली सूचना स्वतः वाचा.

‘खात्रीनं उडवता आले’ हे शब्द मात्र सोडू नका. अभिजात भाषांचंच घ्या. ‘अभिजात दर्जा मिळालेल्या सर्व भाषा आठव्या अनुसूचीत आहेत’ असं विधान आलं तर ‘सर्व’ शब्दाला घाबरून चूक म्हणणं हा जुगार. पाली आणि प्राकृत आठव्या अनुसूचीत नाहीत हे माहीत असणं, ही खात्री.

यूपीएससी देणाऱ्यांसाठी आणखी एक

मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, पण पूर्वचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच येतो. वर्षभर मराठीत वाचलेला मुलगा तिथं हिंदी सोपी जाईल म्हणून हिंदी वाचत बसतो आणि फसतो. आपला वटहुकूम तिथं ‘अध्यादेश’ असतो, चलनवाढ ‘मुद्रास्फीति’, पाणथळ जागा ‘आर्द्रभूमि’. ‘शिक्षा का अधिकार’ वाचून एकानं मला गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, शिक्षेचा अधिकार न्यायालयाचा ना? बिचाऱ्याला मी आधी पाणी दिलं. तेव्हापासून अभ्यासिकेच्या फळ्यावर रोज पाच शब्द लिहिले जातात, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांत. लिहायची पाळी बाकाच्या नंबरानं येते, आणि चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी ज्याचा त्यानंच पुसायचा.