उंची ड्रेस वॉच घेताना या चुका टाळा

महागडे ड्रेस वॉच, म्हणजे औपचारिक पोशाखावर घालायचे साधे, पातळ घड्याळ, मोठ्या हौसेने घेतले जाते आणि वर्षभरात ते कपाटातल्या डबीत जाऊन बसते, असे अनेकांच्या बाबतीत घडते. क्वचितच अशा घड्याळात काही दोष असतो. ते निवडले जाते दुकानाच्या झगझगीत उजेडात, उघड्या मनगटावर, तबकडीकडे टक लावून; आणि वापरायचे असते शर्टाच्या कफाखाली, दिवसातून दहा-पंधरा वेळा ओझरते पाहण्यासाठी. निवडीची आणि वापराची परिस्थिती इतकी निराळी असणे, हेच पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ आहे असे माझे मत आहे.

माप आणि प्रमाण

व्यासाचा आकडा वाचून घड्याळ घेणे ही फार महागात पडणारी चूक होय. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचे १९३२ साली आलेले कॅलट्राव्हा ९६ हे गोल ड्रेस वॉचचे आदर्श रूप मानले जाते आणि त्याचा व्यास जेमतेम ३१ मिलिमीटर होता. आजची ड्रेस वॉच साधारणपणे ३६ ते ४० मिलिमीटरची असतात. मात्र घड्याळ मनगटावर कसे बसेल हे व्यासापेक्षाही त्याच्या लग्जवर, म्हणजे पट्टा अडकवण्याच्या चार टोकांवर, अवलंबून असते. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी मनगटाच्या सपाट भागाच्या रुंदीपेक्षा थोडी कमी असायला हवी. ही रुंदी घरी साध्या पट्टीने मोजता येते आणि दुकानात जाण्यापूर्वी ती मोजलेली असावी. ३८ मिलिमीटर व्यासाच्या दोन घड्याळांपैकी एकाची ही लांबी ४४ तर दुसऱ्याची ४८ मिलिमीटर असू शकते, आणि एकाच मनगटावर पहिले शोभून दिसते तर दुसऱ्याची टोके दोन्ही बाजूंना अधांतरी राहतात. कार्टिए टँकसारख्या आयताकृती घड्याळांना तर गोल घड्याळांच्या व्यासाचा हिशेब लागूच पडत नाही. ती प्रत्यक्ष घालूनच पाहावी लागतात.

जाडीकडे होणारे दुर्लक्ष याहून वाईट, कारण त्याची खंत रोज वाटत राहते. पियाजेने १९५७ साली अवघ्या २ मिलिमीटर जाडीचे ९पी हे हाताने चावी देण्याचे मशीन आणले, तेव्हापासून पातळपणा हे या प्रकारातल्या कारागिरीचे एक मोजमाप होऊन बसले आहे. इतका टोकाचा पातळपणा आवश्यक नाही, पण पूर्ण घड्याळ ९ मिलिमीटरच्या आत असेल तर ते कफाखाली सहज सरकते आणि ११-१२ मिलिमीटरचे घड्याळ कफाच्या काठाशी अडून बसते. म्हणून खरेदीला जाताना ज्या शर्टावर घड्याळ घालायचे आहे तोच शर्ट घालून जावे, कफाचे बटण लावावे, हात कोपरात दोन-तीनदा वाकवावा, आणि घड्याळ आपोआप आत जाते की कफ ओढून घ्यावा लागतो हे पाहावे. या अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेने मी स्वतः एक अत्यंत आवडलेले घड्याळ परत ठेवले होते, आणि तो निर्णय योग्यच होता.

प्रमाण तपासण्याची आणखी एक खूण आहे, जी एकदा लक्षात आली की विसरली जात नाही. ६ अंकाजवळ सेकंदाची छोटी तबकडी असेल तर ती मध्यापासून किती अंतरावर आहे ते पाहावे. लहान मशीन मोठ्या केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात, बसवलेले असले की ही छोटी तबकडी मध्याच्या फार जवळ येते आणि खालची जागा मोकळी राहते. तारखेची खिडकी काठापासून बरीच आत असणे हेही त्याचेच लक्षण. तसेच मिनिटकाट्याचे टोक मिनिटांच्या रेषांपर्यंत पोहोचलेले असावे. आखूड काटा हा काटकसरीचा पुरावा असतो, आणि एवढे पैसे मोजणाऱ्याने तो खपवून घेऊ नये.

मशीनबद्दलचा गैरसमज

‘मशीन कंपनीने स्वतः बनवलेले आहे का?’ हा प्रश्न आज प्रत्येक जण विचारतो आणि उत्तर नकारार्थी आले तर घड्याळ कमअस्सल ठरवतो. इतिहास याला दुजोरा देत नाही. जेगर-लकूल्त्रने १९६७ साली २.४५ मिलिमीटर जाडीचे ९२० हे स्वयंचलित, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे, मशीन तयार केले आणि ते ओडमार पिगे, पाटेक फिलिप व वाशेरॉन कॉन्स्टंटिन या तिन्ही घराण्यांनी आपापल्या पद्धतीने सजवून वापरले. ओडमार पिगेचे १९७२ चे रॉयल ओक आणि पाटेक फिलिपचे १९७६ चे नॉटिलस या घड्याळांच्या पोटातही त्याचेच अवतार होते. तेव्हा मशीन कोणी बनवले यापेक्षा ते कोण दुरुस्त करील, सुटे भाग बाहेरच्या घड्याळजीला मिळतात का, आणि सर्व्हिसिंगला किती महिने लागतात हे प्रश्न आधी विचारावेत.

पहिल्याच खरेदीत शाश्वत कॅलेंडरच्या, म्हणजे लहान-मोठे महिने आणि लीप वर्षे स्वतः सांभाळणाऱ्या घड्याळाच्या, मोहात पडणेही टाळावे. असे घड्याळ काही दिवस बंद राहिले की वार, तारीख, महिना, चंद्रकला हे सर्व पुन्हा जुळवावे लागते आणि चुकीच्या वेळी बटणे दाबल्यास दाते दुखावतात. दोन किंवा तीन काट्यांचे घड्याळ अधिक वापरले जाते.

जाहिरातीतले शब्दही नीट वाचावेत. ‘सोनेरी’ म्हणजे सोन्याचे नव्हे: १८ कॅरेटच्या केसवर ७५० हा शिक्का असतो, आणि नुसता मुलामा असेल तर तो लग्जच्या कडांवरून आधी उडतो. ‘३० मीटर’ या शब्दांचा अर्थ ३ बार दाबाची चाचणी एवढाच घ्यावा. हात धुताना उडालेले थेंब चालतील, पोहणे आणि गरम पाण्याची अंघोळ नाही.

जुने घड्याळ घेताना

जुन्या ड्रेस वॉचमध्ये सौंदर्य मुबलक आणि किंमत अनेकदा नव्यापेक्षा कमी असते, पण येथे ‘नव्यासारखे चकाकते’ हे वर्णन वाचले की सावध व्हावे. प्रत्येक पॉलिशमध्ये धातूचा एक थर जातो, लग्जच्या धारदार कडा गोलावतात, शिक्के पुसट होतात आणि गेलेला आकार परत येत नाही. माझ्याकडे वारशाने आलेले एक चावीचे घड्याळ मी केवळ आतून स्वच्छ करायला दिले होते. ते चकचकीत होऊन परत आले आणि कडांवरची ती करकरीत रेघ कायमची गेली. पॉलिश करू नये असे मी स्पष्ट सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

पुन्हा रंगवलेली तबकडी ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. अक्षरांच्या कडा फुगीर किंवा तुटक असणे, मिनिटांच्या रेषा असमान अंतरावर असणे, छोट्या तबकडीची वर्तुळे मध्य सोडून छापलेली असणे, या गोष्टी शंकास्पद समजाव्यात. डाग पडलेली मूळ तबकडी ही नव्याने रंगवलेल्या स्वच्छ तबकडीपेक्षा संग्राहकांना अधिक मोलाची वाटते. विक्रेत्याकडून मशीनचे छायाचित्र आणि अनुक्रमांक घ्यावेत. पाटेक फिलिपसारखी घराणी आपल्या जुन्या नोंदवह्यांचा उतारा देतात, त्याच्याशी ते पडताळता येतात.

घेतल्यानंतरच्या तक्रारी

घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले तर पहिला संशय चुंबकत्वावर घ्यावा. पिशवीचे चुंबकी बटण, टॅबलेटचे कव्हर किंवा स्पीकर यांच्या सान्निध्यात मशीनमधल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची कार्यकारी लांबी घटते आणि वेळ राखणारे चक्र जलद हेलकावू लागते. साधे होकायंत्र घड्याळाजवळ धरल्यावर सुई हलली तर निदान बहुधा पक्के. घड्याळजी काही मिनिटांत चुंबकत्व काढून देतो. सिलिकॉनच्या स्प्रिंगवर चुंबकाचा परिणाम होत नाही. दिवसाला थोड्या सेकंदांचा फरक हा मात्र दोष नव्हे, कारण स्वित्झर्लंडच्या कॉस्क संस्थेच्या क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेच्या, प्रमाणपत्रालाही सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात. रात्री तबकडी वर करून ठेवल्यास आणि चावीच्या बाजूवर उभे ठेवल्यास वेग थोडा बदलतो. आठवडाभर दोन्ही पद्धती पाहून सोयीची निवडल्यास हा फरक बराचसा भरून निघतो.

स्वयंचलित घड्याळ सकाळी बंद आढळले तर दिवसभर बसून काम करणाऱ्याचा हात त्याला पुरेसा हलवत नाही, एवढेच बहुधा झालेले असते. चावीचे वीस-तीस फेरे द्यावेत. हाताने चावी देण्याचे घड्याळ मनगटावरून काढून, रोज एकाच वेळी, अडेपर्यंतच भरावे, कारण मनगटावर असताना चावीची दांडी तिरकी ओढली जाते. तारीख दुपारी बदलत असेल तर काटे बारा तास पुढे फिरवावेत. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख चावीने थेट बदलू नये, कारण तेव्हा तारखेचे दाते गुंतलेले असतात. काचेच्या आत वाफ दिसली तर ती आपोआप जाईल अशी वाट पाहू नये आणि गरम हवाही देऊ नये. त्याच दिवशी घड्याळजीकडे जावे, कारण गंज लागायला फार वेळ लागत नाही.

चामड्याचा पट्टा रोज घातल्यास घामाने कुजतो, म्हणून एकाआड एक दिवस त्याला विश्रांती द्यावी. मगरीच्या कातड्याचा पट्टा घेऊन दुसऱ्या देशात जाताना वन्यजीव व्यापाराच्या साइट्स कराराचे नियम लागू होऊ शकतात, हे मागवण्यापूर्वी तपासावे.

सर्व्हिसिंग साधारण ५ ते ७ वर्षांनी करावे, घड्याळ बंद पडण्याची वाट पाहू नये. वंगण सुकल्यावरही घड्याळ चालत राहते आणि धातू धातूवर घासून झिजत जातो. घड्याळ देताना पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: केस पॉलिश करू नये, तबकडी व काटे विचारल्याशिवाय बदलू नयेत, आणि काढलेले जुने भाग परत द्यावेत.