पंचिंग मशीनवरून कामगाराने केस टाकली तर इन्शुरन्स कसा मागायचा: इलिनॉयमधल्या आपल्या लोकांसाठी

शिकागो आणि आसपास ज्यांचं रेस्टॉरंट, ग्रोसरी, मोटेल किंवा छोटी फॅक्टरी आहे आणि कामगार बोट लावून पंच करतात, त्यांनी हे नीट वाचा. इलिनॉयमध्ये बायोमेट्रिक इन्फर्मेशन प्रायव्हसी अ‍ॅक्ट, सगळे बिपा म्हणतात तो, २००८ पासून आहे. कामगाराचं बोट, हात, चेहरा, डोळे किंवा आवाज स्कॅन करायच्या आधी काय घेतोय, कशासाठी, किती काळ ठेवणार हे त्याला लेखी कळवायचं आणि त्याची लेखी संमती घ्यायची. नाही केलं तर निष्काळजीपणाला १,००० डॉलर, मुद्दाम किंवा बेपर्वाईने केलं असेल तर ५,०००, वर समोरच्याच्या वकिलाची फी. आणि नुकसान झाल्याचा पुरावा लागत नाही, सिक्स फ्लॅग्ज या करमणूक पार्कच्या केसमध्ये २०१९ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय.

"कामगाराची तक्रार आहे, वर्कर्स कॉम्प (कामावरच्या दुखापतीचा विमा) बघून घेईल" असं धरून चालू नका. वर्कर्स कॉम्पच्या कायद्यामुळे बिपाची केस अडत नाही, हे २०२२ मध्येच ठरलंय.

समन्स हातात पडलं की त्याच दिवशी सगळ्या पॉलिसी बाहेर काढा. फक्त चालू वर्षाची नाही, मशीन बसवलं त्या वर्षापासूनच्या सगळ्या. बिपाची केस ५ वर्षांपर्यंत टाकता येते, आणि जनरल लायबिलिटीची (धंद्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झाल्याच्या दाव्यांची) पॉलिसी साधारणपणे घटना ज्या वर्षी घडली त्या वर्षाची लागू होते, त्यामुळे काही वर्षांपूर्वीची धूळ खात पडलेली पॉलिसी आजच्या पॉलिसीपेक्षा जास्त कामाची निघू शकते, कारण नवीन पॉलिसींमध्ये बरेचदा बायोमेट्रिकचं सरळ एक्सक्लूजन (हे कव्हर नाही अशी अट) घातलेलं असतं. बिझनेस ओनर्स पॉलिसी, अंब्रेला (बाकी पॉलिसींच्या वरचं जादा कव्हर), एम्प्लॉयमेंट प्रॅक्टिसेस (कामगारांनी मालकावर केलेल्या दाव्यांसाठीची), सायबर, जे असेल ते काढा. एम्प्लॉयमेंट प्रॅक्टिसेसचं गणित उलटं असतं, तिथे क्लेम ज्या मुदतीत आला आणि कळवला ती पॉलिसी बघतात, म्हणून उशीर केलात तर चांगलं कव्हरेज हातचं जातं. प्रत्येक कंपनीला समन्स आणि कम्प्लेंटची कॉपी जोडून लेखी कळवा. एजंटला फोनवर सांगितलं म्हणजे कळवलं असं समजू नका, ईमेल किंवा पत्र पाठवून पोच घ्या. आपल्याकडे एजंट बरेचदा ओळखीतलाच असतो आणि तो "बघतो मी" म्हणतो, तो प्रामाणिकच असतो, तरीही पोच घ्याच.

आता कंपनीकडून नकाराचं पत्र येईल ही शक्यता बरीच आहे, आणि लोक इथेच हार मानतात ते मला फार खटकतं. पहिलं "नाही" म्हणजे शेवटचं "नाही" नव्हे. २०२१ मध्ये वेस्ट बेंड विरुद्ध कृष्णा शॉमबर्ग टॅन या केसमध्ये इलिनॉय सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फिंगरप्रिंटची माहिती एकाच बाहेरच्या कंपनीला दिली तरी ते पॉलिसीतल्या "पब्लिकेशन"मध्ये, म्हणजे खासगी माहिती दुसऱ्याकडे जाऊ देण्यात, बसू शकतं, म्हणून विमा कंपनीने बचाव करायलाच हवा. ती केस ग्राहकाची होती, पण कामगारांच्या केसमध्येही हाच मुद्दा वापरतात, कारण पंचिंगचा डेटा बरेचदा मशीनवाल्या व्हेंडरकडे जातो.

नकाराच्या पत्रात कुठलं एक्सक्लूजन टाकलंय त्याचे शब्द पॉलिसीतल्या शब्दांशी ताडून बघा. कायदा मोडण्याबद्दलच्या एक्सक्लूजनवर कोर्टांमध्येच एकमत नाही: जून २०२३ मध्ये सेव्हन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने विंडाल्कोच्या केसमध्ये ते संदिग्ध ठरवून व्यावसायिकाच्या बाजूने निकाल दिला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये इलिनॉयच्या अपील कोर्टाने व्हिज्युअल पॅकच्या केसमध्ये विमा कंपनीचं म्हणणं मानलं. गोपनीय माहिती उघड करण्याबद्दलचं एक्सक्लूजन वेगळं, नोकरीच्या व्यवहारांबद्दलचं वेगळं. एकेका शब्दावर लाखो डॉलर फिरतात, म्हणून पॉलिसीधारकांच्या बाजूने काम करणारा कव्हरेज वकील गाठा, बिपाची केस लढणारा वकील हे काम करेलच असं नाही.

कंपनीची बचाव करण्याची जबाबदारी ही नुकसानभरपाई देण्याच्या जबाबदारीपेक्षा व्यापक असते, कम्प्लेंटमधला आरोप पॉलिसीत बसण्याची नुसती शक्यता असली तरी वकिलाचा खर्च कंपनीवर येतो. शंका असेल तर कंपनीने एक तर हक्क राखून (म्हणजे नंतर नाकारायची मुभा ठेवून) बचाव करावा किंवा कोर्टात जाऊन आपली जबाबदारी नाही असा निकाल मागावा. दोन्ही न करता ती हात झटकून बसली आणि पुढे ती चूक ठरली तर नंतर तिला ती एक्सक्लूजनं पुढे करता येत नाहीत. हक्क राखून बचाव करत असेल आणि तिचं हित तुमच्या विरोधात जात असेल, म्हणजे "मुद्दाम केलं" असं ठरलं तर तिची सुटका होणार असेल, तर तुमच्या पसंतीचा वकील तिच्या खर्चाने मागता येतो. विचारा, कारण आपणहून कोणी सांगणार नाही.

आकड्यांबद्दल थोडा दिलासा आहे. २०२३ मध्ये व्हाइट कॅसल या बर्गर कंपनीच्या केसमध्ये प्रत्येक स्कॅन कायद्याचं वेगळं उल्लंघन धरला गेला, तिथे कंपनीने स्वतःच १७ अब्ज डॉलरचा अंदाज दिला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा बदलला, आता एका माणसामागे एकदाच भरपाई. ४० कामगार असतील तर निष्काळजीपणाचे ४०,००० डॉलर, अधिक वकील.

रिन्यूअलच्या वेळी बायोमेट्रिक एक्सक्लूजन काढून मिळेल का विचारा, निदान एम्प्लॉयमेंट प्रॅक्टिसेसमध्ये बचावाच्या खर्चापुरती तरी रक्कम मागा. अर्जात "बायोमेट्रिक वापरता का" असं असेल तर खरं लिहा, खोट्या उत्तरावर पॉलिसीच रद्द होऊ शकते. व्हेंडरच्या करारात त्याने तुमची भरपाई करायची अट आणि त्याच्या पॉलिसीत तुमचं नाव घालून घ्या. संमतीवर इलेक्ट्रॉनिक सही आता चालते, तेव्हा ती जॉइनिंगच्या फॉर्ममध्येच घ्या. नाहीतर सरळ पिन नंबरवर या.

आणि केस आली म्हणून घाबरून मशीनमधला जुना डेटा पुसू नका, तो आता पुरावा आहे, काय ठेवायचं आणि कधी नष्ट करायचं ते वकिलाला विचारूनच ठरवा.