डिटेक्टरवर विसंबू नका: एआय वापरताना प्राध्यापकांनी टाळायच्या चुका

पहिली चूक माझीच. धडगावकडच्या एका मुलीचं इंग्रजी असाइनमेंट डिटेक्टरमध्ये, म्हणजे मजकूर एआयनं लिहिलाय का याचा अंदाज सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकलं. ८७ टक्के एआय! मी शून्य गुण दिले. दुसऱ्या दिवशी ती रफ वही घेऊन आली. तीच वाक्यं, पेन्सिलची खाडाखोड, समासात मराठी अर्थ. घरी पावरी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी. व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेली साधी, सरळ वाक्यं तिनं लिहिली होती, आणि नेमकी तीच नडली.

पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, यावर बरेच डिटेक्टर अंदाज बांधतात. बेताचं इंग्रजी येणारा मोजकेच शब्द वापरतो, म्हणून तोच सापडतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचे ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले, लिहिले होते माणसांनी. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं तर स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जुलैत बंद केला, अचूकता कमी म्हणून.

शंका आली तर कच्चं लिखाण मागा. पाच मिनिटं समोर बसवून विचारा, ‘हा मुद्दा कुठून सुचला?’ ज्यानं लिहिलंय तो अडखळत का होईना, सांगतो.

नियम नंतर सांगणं हाही अन्यायच. प्रश्नाखालीच लिहा: स्पेलिंग तपासायला एआय चालेल, उत्तर लिहून घ्यायला नाही. आपण प्रश्नपत्रिका एआयकडून काढली असेल तर तेही सांगावं. (इथे स्टाफरूममध्ये शांतता पसरते.)

नाव आणि पीआरएन (विद्यापीठाच्या नोंदणी) नंबरासकट उत्तरं चॅटबॉटला देऊ नका. गुण द्यायचं काम तर त्याच्यावर सोपवूच नका. तेच उत्तर पुन्हा टाकून बघा, आकडा बदललेला दिसू शकतो.

प्रश्नही बदलावे लागतात. ‘केळीवरील करप्याची कारणे लिहा’ याचं उत्तर यंत्र चुटकीसरशी देतं. ‘तुमच्या शिवारातल्या एका बागेत करपा कधी दिसला, फवारणी कशाची केली, खर्च किती आला?’ असं विचारलं की रावेर-यावलच्या पोराला बांधावर जावंच लागतं. थापा मारेल कोणी, पण तोंडी दोन प्रश्नांत पकडला जातो.

आणि खरंच कोणी एआयकडून उतरवून आणलं, तर पहिल्या वेळी वर्गात बसवून हातानं पुन्हा लिहून घ्या. गुण त्यावर द्या.