नाजूक माशांच्या छोट्या टँकसाठी सौम्य फिल्टर कसा निवडावा

सांगलीत, विश्रामबागच्या आमच्या घरी पहिला फायटर मासा आला, तेव्हा त्याच्यासोबत मी दुकानातला सगळ्यात ताकदीचा फिल्टरही आणला. पाणी जितकं जोरात फिरेल तितकं स्वच्छ राहील, अशी माझी समजूत होती. तीन दिवसांत तो मासा फिल्टर आणि काच यांच्या सांदीत जाऊन बसला. खायला बाहेर यायचा, धारेत सापडला की कलंडायचा आणि परत सांदीत शिरायचा. आठवड्याभरात शेपटीची कड फाटली. पाणी मात्र आरशासारखं नितळ होतं! तेव्हापासून मी फिल्टर निवडताना खोक्यावरचे आकडे नंतर वाचतो, आधी मासा बघतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

पायरी १ : मासा कुठल्या पाण्यातला आहे ते बघा

फायटर हा मूळचा थायलंडकडच्या उथळ, गवताळ, संथ पाण्यातला मासा. भातखाचरांतही सापडतो. त्यात माणसांनी पिढ्यानपिढ्या निवड करून त्याचे पर आणि शेपूट इतके लांबवलेत, की धारेत पोहणं म्हणजे त्याच्यासाठी नऊवारी लुगडं नेसून कृष्णेत पोहण्यासारखं आहे. हनी गुरामी, मोठ्या शेपटीचे गप्पी, केरळकडच्या पाणवठ्यांतला इंचभराचा पी पफर, चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) आणि कुठल्याही जातीची पिल्लं ही सगळी संथ पाण्यातच सुखी असतात.

याउलट मिस केरला हा मासा डोंगरातल्या वाहत्या ओढ्यांतला. त्याच्या शास्त्रीय नावातच आपला सह्याद्री आहे : सह्याद्रिया डेनिसोनी. त्याला धार आवडते, पण तो चांगला चार-पाच इंच होऊ शकतो आणि त्याला कळप लागतो. छोट्या टँकमध्ये तो आणूच नये.

पायरी २ : पाणी मोजा

लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि १००० ने भागा. ४५ × २५ × ३० सेंटिमीटरच्या टँकचं उत्तर येतं सुमारे ३४ लिटर. खालची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली, की प्रत्यक्ष पाणी उरतं २८ लिटरच्या आसपास. आता फिल्टरच्या खोक्यावर ताशी ५०० लिटर असं लिहिलेलं असेल, तर ते सगळं पाणी तासात जवळजवळ १८ वेळा फिरणार. नाजूक माशांना तीन-चार वेळा पुरतं, म्हणजे या टँकला ताशी ८० ते ११० लिटर.

“मग घाण कशी निघणार?” असं मला बरेच जण विचारतात. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो, आणि खरा धोका त्याचाच असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. या जिवाणूंना चिकटून राहायला भरपूर जागा आणि प्राणवायू असलेलं पाणी हवं असतं. जोराची धार त्यांना लागत नाही.

पायरी ३ : स्पंज फिल्टर घ्या

माझं सरळ मत आहे : ४०-५० लिटरपर्यंतच्या टँकला आणि नाजूक माशांना एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टरच घ्यावा. नळीतून हवेचे बुडबुडे वर जातात, जाताना पाणी वर ओढतात आणि त्या ओढीने टँकमधलं पाणी स्पंजमधून हळूहळू गाळलं जातं. पाण्यात फिरतं पातं नसल्यामुळे पिल्लू किंवा श्रिंप आत खेचलं जात नाही. पुन्हा तो स्वस्तही असतो.

बसवताना एवढी काळजी घ्या. नवा स्पंज साध्या पाण्यात बुडवून तीन-चारदा पिळा, नाहीतर आत अडकलेल्या हवेमुळे तो तरंगत राहतो. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. ते जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालायलाच हवा, कारण लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. बुडबुडे फार जोरात येत असतील तर नळी चिमटून हवा अडवू नका, त्याने पंपावर ताण येतो. दोन तोंडांचा व्हॉल्व्ह लावा आणि जास्तीची हवा दुसऱ्या तोंडाने बाहेर सोडून द्या.

जागा असेल तर एका मोठ्या स्पंजऐवजी दोन लहान बसवा. आलटून पालटून धुता येतात.

जोरदार फिल्टर आधीच घरात असेल तर

तो टाकून देऊ नका. धार काचेकडे वळवा. पाणी आत ओढणाऱ्या तोंडावर स्पंजची टोपी चढवा. टँकच्या बाहेर लटकवायचा फिल्टर असेल, तर त्याच्या धारेखाली प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला तुकडा अडकवा, म्हणजे पाणी पसरून पडतं. वर तरंगणारी झाडंही धार मोडतात. भांडी घासायचा स्पंज मात्र वापरू नका, त्याला रसायनं लावलेली असू शकतात.

पायरी ४ : चिमूटभर खाण्याची परीक्षा

फिल्टर चालू ठेवून वर चिमूटभर खाणं टाका. दाणे गरगर फिरत खाली ओढले गेले तर धार जास्त आहे. ते हळूच सरकायला हवेत. मग दहा मिनिटं शांत बसून मासा बघा. तो टँकभर फिरतो का? एका जागी थांबायलाही त्याला सारखे पर मारावे लागतात का?

धार फार कमी करूनही चालत नाही. पृष्ठभाग थोडा हलता हवा, कारण प्राणवायू तिथूनच पाण्यात मिसळतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्या दिवसांत बुडबुडे थोडे वाढवा. गप्पी पृष्ठभागावर येऊन तोंड उघड-मीट करू लागले, तर तो इशारा समजा. फायटर आणि गुरामी हवेतूनही श्वास घेतात, म्हणून त्यांच्यावरून पाण्याचा अंदाज बांधू नका.

पायरी ५ : फिल्टर मुरू द्या

लोणच्यासारखा फिल्टरही मुरावा लागतो. जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. लवकर व्हायला हवं असेल तर विरजण लावा : ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज आपल्या टँकमध्ये पिळून घ्या. पाणी गढूळ होईल, दुसऱ्या दिवशी निवळेल. तरीही सुरुवातीला मासे थोडेच ठेवा आणि खाणं कमी घाला.

दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला. नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीनचे थेंब घातल्याशिवाय ते टँकमध्ये ओतू नका. क्लोरीन जिवाणूंनाही मारतं, म्हणून स्पंज नळाखाली कधीच धुऊ नये. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तीन-चार आठवड्यांनी तो हलका पिळा. तपकिरी रंग राहिला तर राहू द्या. बुडबुडे मंदावले, की धुवायची वेळ झाली असं समजा.

लाइट गेल्यावर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. आमचं घर वाचलं, पण लाइट नव्हती आणि बॅटरीचा पंपही माझ्याकडे नव्हता. आम्ही घरातले सगळे आळीपाळीने तांब्याभर पाणी टँकमधून काढायचो आणि वीतभर उंचीवरून, काचेच्या कडेने हळूहळू परत ओतायचो. रात्रीसुद्धा. खाणं पूर्ण बंद ठेवलं. मोठे मासे काही दिवस उपाशी राहू शकतात, आणि खाणं नसलं की अमोनियाही कमी होतो. मासे वाचले.

आता बॅटरीवर चालणारा एक छोटा एअर पंप मी पावसाळ्याआधी तपासून ठेवतो. स्पंज फिल्टरची नळी काढून त्यात खोचली, की काम सुरू. फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल तर लाइट आल्याबरोबर बटण दाबू नका. आधी स्पंज बाहेर काढून वास घ्या. कुजका वास येत असेल तर टँकच्या पाण्यात पिळून काढा, मगच चालू करा, आणि पुढचे दोन आठवडे टँक नवा आहे असं समजून खाणं बेताचंच घाला.