ग्रामसभेत बोलताना ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’च्या या चुका टाळा

गोव्यातल्या कुठल्याही गावच्या ग्रामसभेला जाऊन बसा. तळमळीने बोलणारे पुष्कळ भेटतील. मुद्दा खरा असतो, तरी दोन मिनिटांत मागे कुजबुज सुरू होते आणि समोरून ऐकू येतं, ‘मुद्द्यावर या.’ बहुतेक वेळा माणूस मुद्द्यावरच असतो. एका वाक्याचं दुसऱ्याशी नातं काय, एवढंच ऐकणाऱ्याला कळलेलं नसतं. वाचताना मागची ओळ पुन्हा बघता येते, ऐकताना ती सोय नाही.

सगळीकडे ‘आणि’

ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि नुकसानही हीच जास्त करते. समजा कुणी म्हणालं, ‘गटार तुंबलंय आणि पाणी रस्त्यावर येतं आणि मुलं शाळेत जातात आणि आम्ही अर्ज दिला आणि काही झालं नाही.’ अर्ज कशासाठी होता? मुलांचा इथे काय संबंध? आता हेच असं बोलून बघा: ‘गटार तुंबलंय, त्यामुळे पाणी रस्त्यावर येतं. मुलांना त्यातूनच शाळेत जावं लागतं, म्हणून आम्ही पावसाआधीच अर्ज दिला होता. तरीही गटार उपसलेलं नाही.’

माहिती जवळपास तीच आहे. पण ‘तरीही’ म्हटल्याबरोबर उत्तर कुणी द्यायचं ते ठरतं. ‘आणि काही झालं नाही’ म्हटलं की ती तक्रार हवेत विरते. ‘आणि’ फक्त बेरीज करतो. कारण, परिणाम, विरोध दाखवायला वेगळे शब्द आहेत, ते वापरायला हवेत.

कारणांची रांग आधी

‘रस्ता खणलाय, केबल टाकतायत, कंत्राटदार बदलला, म्हणून बस वाड्यावर येत नाही.’ इथे शेवटपर्यंत कळत नाही की विषय बसचा आहे. आधी ‘बस वाड्यावर येत नाही’ हे सांगा, मग ‘कारण’ म्हणून पुढचं. कारण एकच आणि छोटं असेल तर ‘म्हणून’ शेवटी आला तरी बिघडत नाही. ‘कारण रस्ता खणलाय म्हणून’ असे दोन्ही मात्र नकोत, एक पुरे.

अर्धवट जोड्या

‘जर’ने सुरुवात होते, मध्ये दुसराच विषय निघतो आणि ‘तर’ राहून जातो. वाक्य लांबणार असं वाटलं तर ‘जर’ गाळूनच टाका. ‘पाऊस लागला तर काम थांबेल’ हे पूर्ण वाक्य आहे. ‘तर’ मात्र गाळता येत नाही. ‘जरी’ची जोडी ‘तरी’शी, ‘पण’शी नव्हे. आणि ‘मी फॉर्म भरून सेक्रेटरीनं सही केली’ असं नको: भरणारा एक, सही करणारा दुसरा, तेव्हा ‘मी फॉर्म भरला, मग सेक्रेटरीनं सही केली.’

‘पण’च्या बाबतीत क्रम सांभाळा. ‘काम चांगलं झालं, पण उशीर झाला’ यातला उशीर लक्षात राहतो. ‘उशीर झाला, पण काम चांगलं झालं’ यातलं काम राहतं. कौतुक करायचं असेल तर ते ‘पण’च्या नंतर ठेवा.

घरात कोकणी असलेल्यांच्या मराठीत ‘पूण’ (पण), ‘देखून’ (म्हणून), ‘मागीर’ (मग) येतात. गावात बोलताना ही चूक मानू नये, सगळ्यांना समजतं. त्याहून अडतं ते कागदी शब्दांवर. 1987च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, तरी सरकारी कामात मराठी वापरण्याची मुभा राहिली, त्यामुळे मराठीत अर्ज लिहिणारे आजही आहेत. त्या अर्जांतले ‘सबब’ आणि ‘तथापि’ मग तोंडातही येतात. कागदावर ते शोभतात. समोरासमोर ‘म्हणून’ आणि ‘तरी’ बरे.

राहिला प्रश्न थांबायचा. बरेच जण ‘आणिऽऽ’, ‘म्हणजेऽऽ’ असं ओढत पुढचं आठवतात. चांगला कीर्तनकार पूर्वरंगातून आख्यानाकडे वळताना कुठे थांबतो ते ऐका: वाक्य संपवून. मग ‘आता तुम्ही म्हणाल’ किंवा ‘पण’ पुढच्या वाक्याला चिकटूनच येतो. तसंच करा. वाक्य पुरं करा, गप्प राहा, पुढचं डोक्यात आलं की मगच जोडणारा शब्द उच्चारा.